जपान रेल पास : 50,000 येन नेमके कोणाचे वसूल होतात?

जपानला निघालेल्या मराठी पर्यटकाला नातेवाइकांकडून, टूरवाल्यांकडून आणि आधी जाऊन आलेल्या शेजाऱ्यांकडून जो पहिला सल्ला मिळतो, तो बहुधा ‘रेल पास आधी घेऊन ठेवा’ हाच असतो. 2023 च्या सप्टेंबरअखेरपर्यंत हा सल्ला डोळे झाकून पाळावा असाच होता, कारण सात दिवसांच्या साध्या वर्गाच्या पासाला तेव्हा 29,650 येन पडत आणि टोकियोहून क्योतोला नुसते जाऊन परत यायचे म्हटले तरी सुट्या तिकिटांना जवळपास तेवढाच खर्च होई. 1 ऑक्टोबर 2023 पासून तोच पास 50,000 येनांचा झाला, चौदा दिवसांचा 47,250 वरून 80,000 वर गेला आणि एकवीस दिवसांचा 60,450 वरून 1,00,000 वर. दर वाढले, सल्ला मात्र आहे तसाच फिरत राहिला. माणशी अठ्ठावीस-तीस हजार रुपये, म्हणजे चौघांच्या कुटुंबामागे लाखाच्या वर रक्कम ज्या कागदासाठी मोजायची, त्या कागदाचे मोल एकदा शांतपणे तपासून पाहायला हवे.

पास नेमका कशाचा, हे आधी स्पष्ट असलेले बरे. जपानची राष्ट्रीय रेल्वे 1 एप्रिल 1987 रोजी सहा प्रवासी कंपन्या आणि एक मालवाहतूक कंपनी अशी विभागली गेली आणि या सगळ्यांना मिळून ‘जेआर’ म्हणतात. पास त्याआधीचा, 1981 सालचा. तो आज या सहाही प्रवासी कंपन्यांच्या गाड्यांवर चालतो आणि त्याचे खरे सामर्थ्य तेथेच आहे. उत्तरेला होक्काइदोपासून दक्षिणेला क्युशूच्या कागोशिमापर्यंत, कंपनी कोणती याचा विचार न करता, एकाच पासावर शिनकान्सेन (म्हणजे बुलेट ट्रेन), एक्सप्रेस आणि साध्या लोकल गाड्यांनी हवे तितके फिरता येते. नारिता विमानतळावरून टोकियोत आणणारी नारिता एक्सप्रेस, हानेदाहून शहरात नेणारी मोनोरेल, कन्साई विमानतळावरून क्योतोला जाणारी हारुका आणि मियाजिमा बेटाकडे जाणारी जेआरची फेरीबोट हेही त्यात येते. आसनाचे आरक्षण कितीही वेळा केले तरी त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

आता हिशेब. मराठी कुटुंबांच्या पहिल्या जपानवारीचा साचा बहुधा ठरलेला असतो : टोकियो, तेथून क्योतो, मग ओसाका आणि परतीचे विमान पुन्हा टोकियोहून. टोकियो ते क्योतो या शिनकान्सेनच्या आरक्षित आसनाला सुमारे 14,000 येन, क्योतो ते ओसाका साध्या जेआर गाडीने सहाशेच्या आत आणि ओसाकाहून टोकियोला परत साडेचौदा-पंधरा हजार येन लागतात. एकूण तीस हजारांच्या आसपास. विमानतळाची जा-ये आणि नाराची एखादी फेरी धरली तरी आकडा चाळिशी गाठत नाही. असा प्रवास करणाऱ्याने पास घेणे म्हणजे दहा हजारांहून अधिक येन जेआरला आहेर म्हणून देऊन येणे होय. परतीचे विमान ओसाकाहून असेल तर शिनकान्सेनचा प्रवास एकदाच होतो आणि मग पासाचा प्रश्नच उरत नाही.

याच प्रवासात हिरोशिमा जोडले की चित्र बदलते, पण वाटते तेवढे नाही. क्योतो ते हिरोशिमा एका बाजूचे अकरा हजारांच्या वर, म्हणजे जाऊन-येऊन साडेबावीस हजार येन. ते मिळवले की बेरीज पन्नास हजारांच्या थोडी पुढे जाते. पास वसूल झाला असे येथे म्हणता येईल. मात्र हाच प्रवास आणखी स्वस्तात होतो. पश्चिम जपानच्या जेआर कंपनीचा ‘कन्साई-हिरोशिमा एरिया पास’ पाच दिवसांचा असून 2023 च्या दरवाढीनंतर त्याची किंमत 17,000 येन झाली. शिन-ओसाका ते हिरोशिमा हा शिनकान्सेनचा मार्ग, हिमेजी, ओकायामा, नारा, मियाजिमाची फेरीबोट आणि हारुका हे सगळे त्यात येते. टोकियो-क्योतो आणि ओसाका-टोकियो ही दोन तिकिटे सुटी घेऊन मधल्या पाच दिवसांसाठी हा पास वापरला, तर खर्च सेहेचाळीस हजारांच्या आसपास राहतो. एक खोच तेवढी लक्षात ठेवावी : क्योतो ते शिन-ओसाका हा शिनकान्सेनचा तुकडा दुसऱ्या कंपनीचा असल्यामुळे तेथे हा पास चालत नाही. अर्ध्या तासाच्या आत पोहोचवणारी साधी जलद गाडी त्याच अंतरासाठी उपलब्ध आहे, तीच पकडावी.

या स्वस्त वाटेचा दुसरा फायदा पैशांपेक्षा मोठा आहे, तो म्हणजे सुट्या तिकिटावर मिळणारी नोझोमी. टोकियो-ओसाका मार्गावर शिनकान्सेनचे तीन प्रकार धावतात : मोजक्या स्थानकांवर थांबणारी नोझोमी, थोडे अधिक थांबे घेणारी हिकारी आणि प्रत्येक स्थानकावर थांबणारी कोदामा. नोझोमी अडीच तासांत ओसाका गाठते आणि गर्दीच्या वेळी तासाला बारापर्यंत सुटते. हिकारीला तीन तासांच्या आसपास लागतात आणि ती तासाला साधारण दोनच असते. राष्ट्रीय पासावर पूर्वी नोझोमीत पाऊलच ठेवता येत नसे. आता ठेवता येते, पण टोकियो-क्योतोसाठी प्रत्येक वेळी 4,960 येनांचे जादा तिकीट काढून. पन्नास हजार भरल्यानंतर सर्वांत सोयीच्या गाडीसाठी पुन्हा खिशात हात घालायचा, ही या पासाची सर्वांत न पटणारी अट आहे आणि ती दरवाढीच्या वेळी ‘सवलत’ म्हणून जाहीर व्हावी याचे आश्चर्य वाटते. हिरोशिमाच्या पुढे क्युशूकडे जाणाऱ्या मिझुहोलाही हीच अट आहे. उत्तरेकडची हायाबुसा किंवा कानाझावाकडची कागायाकी यांना असे जादा पैसे लागत नाहीत; तेथे सर्वांत वेगवान गाडीसुद्धा पासातच बसते. फक्त त्या गाड्यांत सगळी आसने आरक्षित असल्यामुळे आधी जागा धरावी लागते.

पास कोणी घ्यावा, याचे उत्तर यातूनच मिळते. सात दिवसांत लांबची अंतरे सलग कापणाऱ्याने, त्यातही उत्तर आणि दक्षिण दोन्ही टोके गाठणाऱ्याने, तो जरूर घ्यावा. टोकियोहून होक्काइदोतील शिन-हाकोदाते-होकुतोला एका बाजूचे तेवीस हजारांच्या वर येन होतात आणि दक्षिणेकडच्या हाकाताचे भाडेही साधारण तेवढेच आहे. यांपैकी उत्तरेकडच्या टोकाला जाऊन-येऊन त्याच आठवड्यात क्योतोही केले, तर पास वीस-पंचवीस हजार येन वाचवतो. टोकियो, कानाझावा, क्योतो, हिरोशिमा आणि पुन्हा टोकियो असा वळसा घेतला तर मात्र बरोबरी साधते, फार तर थोडे हाती उरते. अशा वेळी निर्णय पैशांवर नव्हे, तर मनात आले की वाटेत उतरण्याची मोकळीक आपल्याला किती हवी आहे यावर घ्यावा.

आणि ही मोकळीकच या पासाची अशी बाजू आहे, जी हिशेबाच्या कागदावर दिसत नाही. सुटे तिकीट काढलेला माणूस क्योतोहून थेट हिरोशिमा गाठतो. पासवाला हिमेजीला उतरतो, स्थानकातूनच रस्त्याच्या टोकाला दिसणाऱ्या पांढऱ्या किल्ल्यापर्यंत वीस मिनिटे चालत जातो, परत येऊन पुढची गाडी पकडतो आणि दुपारी ओकायामाला पुन्हा उतरतो. ओकायामाचा थांबा मराठी वाचकाने, विशेषतः पुणेकराने, चुकवू नये. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून रचले आहे, ते कोराकुएन येथे आहे. इकेदा घराण्यातील सरदार त्सुनामासा याने 1687 मध्ये काम सुरू केले आणि 1700 मध्ये बाग पूर्ण झाली. जपानमधील तीन थोर बागांमध्ये तिची गणना होते. उरलेल्या दोन म्हणजे कानाझावाची केनरोकुएन आणि मितोची काइराकुएन. पुण्याच्या बागेतून फिरलेल्या माणसाला पाण्याचे वळण, छोटे पूल आणि कातरलेली झुडपे ओळखीची वाटतात, पण कोराकुएनमध्ये नजर अडत नाही. येथे हिरवळीची मोकळी पठारे लांबवर पसरली आहेत, एका कोपऱ्यात भाताचा तुकडा आणि चहाचा मळा आहे, आणि नदीपलीकडचा काळा ओकायामा किल्ला बागेचाच भाग असावा तसा झाडांवरून डोकावतो. स्थानकासमोरून ट्रामने शिरोशिता थांब्यापर्यंत जावे आणि तेथून दहा मिनिटे चालावे. ट्राम जेआरची नाही, त्यामुळे तिचे पैसे वेगळे द्यावे लागतात. बाग पाहून वेळ उरला तर पंधरा-सतरा मिनिटांच्या लोकल अंतरावर कुराशिकी आहे, जेथे जुन्या गोदामांच्या पांढऱ्या भिंती कालव्याच्या दोन्ही काठांनी उभ्या आहेत.

हिरोशिमाहून मियाजिमाला जाताना लोकल गाडी आणि फेरीबोट दोन्ही पासावर होतात. ऑक्टोबर 2023 पासून बेटावर येणाऱ्या प्रत्येकाकडून 100 येन अभ्यागत कर घेतला जातो. पास दाखवून बोटीत बसणाऱ्यालाही तो वेगळा भरावा लागतो. पाण्यातील तोरणद्वाराचे छायाचित्र सर्वांनाच हवे असते, पण भरती आणि ओहोटी दोन्हींच्या वेळा पाहून गेले, तर ते पाण्यात तरंगताना दिसते आणि त्याच्या खांबांपर्यंत चालतही जाता येते. हिरोशिमा शहरातील ट्राम खासगी आहे, पासात नाही.

पास जेथे चालत नाही, त्या जागांची यादी मोठी आहे आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांची फसगत तेथेच होते. टोकियो आणि ओसाकाची मेट्रो पासात नाही. हाकोनेला नेणारी ओदाक्यु, ओसाका-नारा मार्गावरची किन्तेत्सु, ओसाका-क्योतोची हानक्यु या सगळ्या वेगळ्या कंपन्या आहेत. फुजी पर्वताजवळच्या कावागुचिकोला शिनजुकूहून थेट गाडी आहे, पण ओत्सुकी स्थानकानंतरचा लोहमार्ग खासगी कंपनीचा असल्याने तेवढ्या अंतराचे तिकीट काढावेच लागते. टोकियोत भारतीयांची, त्यात मराठी मंडळींचीही, मोठी वस्ती एदोगावा भागातील निशी-कासाई येथे आहे. भाच्याकडे किंवा मुलीकडे मुक्काम असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तेथे जाणारी तोझाई मार्गिका टोकियो मेट्रोची आहे, म्हणजे घरून निघताना आणि घरी परतताना पास कामाचा नाही. यासाठी सुइका किंवा इकोका यांसारखे पैसे भरून ठेवायचे कार्ड लागतेच. ते स्थानकावरच्या यंत्रात रोख भरून चालते आणि देशभरातील बहुतेक शहरांत एकच कार्ड पुरते. भारतीय बँकेच्या कार्डावर पूर्ण भिस्त ठेवू नये, थोडे येन जवळ असावेत.

सेवेचा दर्जा हा वेगळा विषय आहे आणि तेथे नाव ठेवायला जागा कमी. पास म्हणजे नेहमीच्या तिकिटाएवढा एक कागद असतो, त्यावर तारखा छापलेल्या असतात. फाटकाच्या खाचेत तो सरकवला की यंत्र तो आत ओढते आणि दोन पावलांवर दुसऱ्या टोकाला वर काढून धरते; तो उचलायचा विसरू नये एवढेच पथ्य. पूर्वी हा पास मोठ्या पुठ्ठ्याचा असे आणि प्रत्येक वेळी फाटकाच्या कडेच्या कर्मचाऱ्याला दाखवावा लागे. 2020 पासून ती रांग संपली. जागा धरायला तिकीट खिडकीवर जावे लागत नाही, यंत्रावर इंग्रजीतून काम होते. फलाटावर डबा क्रमांकाच्या खुणा आखलेल्या असतात आणि गाडी त्या खुणेवरच थांबते. मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी हेच शिनकान्सेन तंत्रज्ञान निवडले आहे, त्यामुळे वांद्रे-कुर्ला संकुलातून सुटणाऱ्या गाडीकडे पुढे कोणत्या अपेक्षेने पाहायचे, याचा अंदाज येथे येतो. साध्या वर्गातही पाय लांब करता येतील एवढी जागा असते. ग्रीन या वरच्या वर्गासाठी सात दिवसांचे 70,000 येन मोजण्याची गरज मला वाटली नाही.

आसन निवडताना एका बाजूला ए, बी, सी आणि दुसऱ्या बाजूला डी, ई अशी मांडणी असते. टोकियोहून क्योतोकडे जाताना ई आसन उजवीकडे येते आणि सुटल्यावर पाऊण तासाच्या आसपास, आकाश स्वच्छ असेल तर, त्याच खिडकीतून फुजी दिसतो. परतीलाही ईच मागावे. ज्येष्ठांबरोबर प्रवास असेल तर दोनच आसनांची ही बाजू त्यांना सोयीची पडते.

खाण्याचा बंदोबस्त चढण्यापूर्वीच करावा. टोकियो-ओसाका मार्गावरची ढकलगाडीवरची विक्री 2023 च्या ऑक्टोबरअखेर साध्या डब्यांत बंद झाली आहे. स्थानकांवर एकिबेन नावाचे सुबक डबे मिळतात आणि गाडीत बसून ते खाणे हा जपानी प्रवासाचा रिवाजच आहे, पण शाकाहारी माणसाने वरवर पाहून डबा उचलू नये. भाज्या ज्या पाण्यात शिजवतात ती दाशी बहुतेक वेळा बोनितो माशाच्या वाळवलेल्या किसाची असते. इनारी सुशीचे गोडसर टोफूचे वेष्टनही त्यातच मुरवलेले असू शकते. खारवलेल्या उमे फळाची ओनिगिरी (भाताचा मुटका) त्यातल्या त्यात निर्धोक. घरून नेलेला खाकरा, लाडू गाडीत उघडायला कोणाची हरकत नसते, फक्त उग्र वासाचे लोणचे हॉटेलच्या खोलीसाठी राखून ठेवावे.

सामानाबाबत एक नियम आपल्याकडच्या कुटुंबांना हमखास अडचणीत टाकतो. टोकाइदो (टोकियो-ओसाका), सान्यो (ओसाका-हाकाता) आणि क्युशू शिनकान्सेनमध्ये लांबी, रुंदी आणि उंची मिळून 160 सेंटिमीटरपेक्षा अधिक भरणारी बॅग न्यायची असेल, तर डब्याच्या शेवटच्या रांगेतील विशिष्ट आसन आधी आरक्षित करावे लागते. त्याला वेगळे पैसे नाहीत. आरक्षण नसेल तर गाडीत 1,000 येन भरावे लागतात. 250 सेंटिमीटरपुढचे सामान नेताच येत नाही. घरीच टेप लावून, चाके आणि मूठ धरून माप घ्यावे. मोठी बॅग ताक्क्युबिन या सेवेने हॉटेलातून हॉटेलात पाठवून देण्याचा पर्याय याहून चांगला आहे : स्वागतकक्षात अर्ज भरावा, बॅगमागे दोन-तीन हजार येन द्यावेत, बॅग बहुधा दुसऱ्या दिवशी पुढच्या शहरात पोहोचलेली असते. ओकायामा-हिमेजीसारखे वाटेत उतरत जायचे असेल, तर हे जवळजवळ अपरिहार्यच समजावे.

पास घेण्याचा अधिकार परदेशी पारपत्रावर ‘टेंपररी व्हिजिटर’ म्हणून आलेल्यालाच आहे. त्यामुळे पुण्याहून आलेल्या आईवडिलांना पास मिळतो, पण तेथे नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या मुलाला मिळत नाही. चौघांचा खर्च मांडताना हा फरक आधीच धरावा. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धी किंमत पडते. सहाखालच्या मुलाला वेगळे आसन नको असेल तर पैसे नाहीत. दिवस मोजले जातात ते कॅलेंडरप्रमाणे, चोवीस तासांच्या हिशेबाने नव्हे. रात्री आठ वाजता पास सुरू केला, तर चार तासांनी त्याचा पहिला दिवस संपतो. म्हणून विमानतळावर उतरल्या उतरल्या तो सुरू करू नये. टोकियोचे पहिले दिवस सुइका कार्डावर काढावेत आणि शहर सोडण्याच्या सकाळची तारीख पासावर घालून घ्यावी. दलालाकडून पासाऐवजी मिळणारे बदलीपत्र तीन महिन्यांत जपानमध्ये पासात बदलून घ्यावे लागते. अधिकृत संकेतस्थळावरून थेट खरेदी केली तर जपानला पोहोचण्यापूर्वीच जागा धरता येते. ही सोय महत्त्वाची ठरते ती आपल्या शाळांच्या सुट्यांमुळे. एप्रिलअखेर परीक्षा संपवून निघालेली कुटुंबे नेमकी 29 एप्रिल ते 5 मे या जपानी सुट्यांच्या गर्दीत सापडतात आणि त्या काळात नोझोमीत अनारक्षित डबाच नसतो.

दर पुन्हा बदलू शकतात, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी पासाची ताजी किंमत आणि आपल्या मार्गावरची सुटी भाडी एकाच दिवशी समोरासमोर मांडावीत. घेतलाच, तर पास पारपत्रासारखा जपावा. हरवल्यास तो पुन्हा मिळत नाही, आणि उरलेल्या दिवसांची सगळी तिकिटे नव्याने काढावी लागतात.